नाताळचं ताट: शेजारी येणाऱ्या फराळामागे ख्रिस्ती 'भेटी'चा अर्थ काय आहे?

लालबागच्या आमच्या चाळीत २५ डिसेंबरला सकाळी अकराच्या सुमारास दाराची कडी वाजायची. दार उघडंच असायचं, तरी वाजायची. बाहेर शेजारच्या काकू. हातात स्टीलचं ताट, त्यावर क्रोशाने विणलेला पांढरा रुमाल. रुमालाखाली करंज्या, शंकरपाळ्या, मूठभर चिवडा आणि केकचे चार तुकडे.

काकूंचं कुटुंब मूळचं नगरकडचं, मराठी ख्रिस्ती. चर्चमधली उपासना आटोपून आल्यावर, घरात जेवायला बसायच्या आधी, त्या मजल्यावरच्या प्रत्येक दारात एकेक ताट पोहोचवायच्या. मला तेव्हा एकच प्रश्न पडायचा: घरात माणसं पाच आणि केकचे तुकडे चार, हे कसं काय?

आईचा प्रश्न वेगळा होता. ताट परत कधी करायचं आणि त्यात काय घालून?

कारण शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा आपल्याकडचा नियम. काहीच नसेल तर निदान चिमूटभर साखर तरी घालून द्यायची. त्यामुळे काकूंचं ताट आमच्या मांडणीवर थांबायचं ते थेट संक्रांतीपर्यंत. मग त्यात तिळाचे लाडू जायचे. काकू प्रत्येक वेळी म्हणायच्या, "अहो, याची काय गरज होती?" आणि आई म्हणायची, "असू द्या हो."

पुढे मी एका ऑफिसात नोकरीला लागले. तिथे डिसेंबरात 'सिक्रेट सांता' असतो. चिठ्ठ्या काढायच्या, ज्याचं नाव येईल त्याला गुपचूप भेटवस्तू द्यायची, मर्यादा पाचशे रुपये. हिशेबाला एक्सेल शीट. मला मग मिळाला. मीही मगच दिला होता. दोन्ही मग जवळपास सारखेच होते.

तेव्हा पहिल्यांदा वाटलं की काकूंचं ताट आणि हा मग यांत काहीतरी मोठा फरक आहे. दोन्ही नाताळच्याच भेटी. मग फरक कुठे आहे? आणि ख्रिस्ती धर्मात मुळात या देण्याघेण्याचा अर्थ काय?

वाढदिवस एकाचा, भेटवस्तू सगळ्यांना?

सुरुवात शब्दापासून करू. 'नाताळ' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. पोर्तुगीज भाषेत 'नाताल' म्हणजे जन्माशी संबंधित. मूळ लॅटिन. म्हणजे नाताळ हा सरळसरळ जन्मदिवस आहे.

आता लहान मुलं विचारतात तो प्रश्न: वाढदिवस येशूचा, तर भेटवस्तू आम्हाला का?

प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. बायबलमध्ये भेटवस्तू थेट बाळालाच मिळतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात ही गोष्ट आहे. पूर्वेकडून काही ज्ञानी पुरुष ताऱ्याचा माग काढत येतात, बाळाला नमन करतात आणि तीन वस्तू देतात. मराठी बायबलमध्ये त्यांची नावं सोनं, ऊद आणि गंधरस अशी आहेत.

गंमत म्हणजे ते तिघे होते असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. वस्तू तीन म्हणून माणसं तीन, असं पुढे लोकांनी धरलं. ते राजे होते असंही नाही. आणि ते गोठ्यात आले नव्हते, घरात आले होते. गव्हाणीजवळ येणारे मेंढपाळ आहेत, आणि ते लूकच्या शुभवर्तमानात आहेत. आपण देखाव्यात दोन्ही प्रसंग एकत्र मांडतो, इतकंच.

ख्रिस्ती परंपरेने या तीन वस्तूंचा अर्थ लावला आहे. सोनं राजाला देतात. ऊद देवापुढे जाळतात. आणि गंधरस? तो मृतदेहाला लावायच्या सुगंधी द्रव्यांपैकी एक. म्हणजे पाळण्यातल्या मुलाला कुणीतरी त्याच्या अंत्यविधीचं सामान भेट दिलं. बारशाला आलेल्या पाहुण्याने असं काही काढलं तर घरातली आजी त्याला बाहेरचा रस्ता दाखवेल. पण ख्रिस्ती वाचकाला यात पुढच्या क्रूसाची सूचना दिसते. हे मूल मोठं होऊन स्वतःचा जीव देणार आहे, हे त्याच्या पहिल्याच भेटवस्तूंमध्ये आलेलं आहे.

आता खरा मुद्दा. ख्रिस्ती श्रद्धेनुसार ज्ञानी पुरुषांची भेट ही नाताळची पहिली भेट नाहीच. ती दुसरी. पहिली भेट म्हणजे ते बाळ. देवाने जगावरच्या प्रेमापोटी आपला पुत्र दिला, हे योहानाच्या शुभवर्तमानातलं विधान जवळजवळ प्रत्येक ख्रिस्ती मुलाला पाठ असतं. मराठी बायबलमध्ये यासाठी एक सुंदर शब्द आहे: कृपादान. लायकी नसताना, मागितलेलं नसताना मिळालेलं दान. त्याची परतफेड करता येत नाही, आणि कुणी मागितलेलीही नाही.

मराठीत 'भेट' या शब्दाचे दोन अर्थ आहेत हे इथे उपयोगी पडतं. भेट म्हणजे दिलेली वस्तू आणि भेट म्हणजे भेटणं. नाताळची ख्रिस्ती कल्पना या दोन्ही अर्थांवर एकदम उभी आहे: देव भेट देतो आणि ती भेट म्हणजे तो स्वतः भेटायला येतो. इंग्रजीत हे सांगायला दोन वेगळे शब्द लागतात. आपल्याकडे एकात भागतं.

मग वाढदिवसाच्या प्रश्नाचं उत्तर काय? मत्तयाच्याच शुभवर्तमानात पुढे, पंचविसाव्या अध्यायात, येशू सांगतो की भुकेल्याला, उघड्याला, परक्याला, आजाऱ्याला तुम्ही जे केलंत ते मलाच केलंत. म्हणजे ज्याचा वाढदिवस आहे त्यानेच आपला पत्ता बदलून दिला आहे. त्याला काही द्यायचं तर ते दुसऱ्याच्या दारात नेऊन द्यावं लागतं.

आहेर, वाण, ओवाळणी आणि 'डाली'

देण्याबद्दल मराठीत शब्दांची कमी नाही, आणि प्रत्येक शब्दाचा हिशेब वेगळा आहे.

आहेराला वही असते. लग्नात एक काका कोपऱ्यात बसून नाव आणि रक्कम लिहून घेतात, आणि त्यांच्याकडे लग्न निघालं की वही उघडली जाते. ओवाळणी नात्याने ठरते. बक्षीस वरून खाली येतं, नजराणा खालून वर जातो. वानवळा म्हणजे शेतातलं, परसातलं नवं काही शेजारी पाठवणं. आणि संक्रांतीचं वाण तर 'लुटायचं' असतं. ज्या बाईला ते मिळतं तिने परत दिलंच पाहिजे असं नाही. देणारीच म्हणते, लुटा.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ साली भेटवस्तूंवर एक गाजलेला निबंध लिहिला. अनेक समाजांतल्या चालीरीती तपासून त्यांनी मांडलं की भेट कधीच निव्वळ फुकट नसते. द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि परतफेड करावी लागते, अशी तिहेरी बांधिलकी तिच्यात असते. आहेराची वही पाहिलेल्या माणसाला हे समजायला फ्रेंच यायची गरज नाही.

नाताळच्या भेटीचंही असं हिशेबी रूप आपल्याच देशात होतं. इंग्रजांच्या काळात, विशेषतः उत्तर हिंदुस्थानात, नाताळला साहेबाच्या बंगल्यावर 'डाली' पाठवायची पद्धत होती. टोपलीत फळं, फुलं, मिठाई, सुकामेवा. पाठवणारे कंत्राटदार, व्यापारी, हाताखालचे लोक. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशात हा शब्द 'डॉली' म्हणून नोंदलेला आहे. डाली कुणी प्रेमाने पाठवत असेलही, पण बहुतेकांना पुढच्या वर्षीचं कंत्राट हवं असायचं. दिवाळीत सरकारी कार्यालयांकडे जाणारे ड्रायफ्रूटचे खोके पाहिले की डाली संपलेली नाही, फक्त तिने सण बदलला, असं मला वाटतं.

कृपादान हे या सगळ्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे वही नाही. आपल्या शब्दांत सांगायचं तर ते वाणाच्या जवळचं आहे. लुटायचं.

या भागात नाताळ कुणाचा?

गिरगाव, दादर, परळ, लालबाग म्हटलं की गणपती डोळ्यांपुढे येतो. पण इथला नाताळही जुना आहे, आणि एकाच प्रकारचा नाही.

दादरला गोखले रोडवर 'पोर्तुगीज चर्च' आहे. बसच्या पाटीवर हेच नाव असल्यामुळे चर्चचं खरं नाव 'अवर लेडी ऑफ साल्व्हेशन' आहे हे अनेक दादरकरांनाही ठाऊक नसतं. इथलं पहिलं चर्च १५९६ साली फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी बांधलं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधी. आजची काँक्रीटची आगळीवेगळी इमारत १९७०च्या दशकातली, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची.

पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले इथले मूळ रहिवासी म्हणजे आजचा ईस्ट इंडियन समाज. कॅथलिक धर्म स्वीकारला तरी त्यांनी मराठी सोडली नाही. त्यांच्या घरांत मराठीचीच बोली बोलली जात आली. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी घेतलं. गिरगावातल्या खोताच्या वाडीत हा समाज पिढ्यान्‌पिढ्या राहिला. वाडीचं नाव मात्र दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांवरून आलं. जमीन त्यांची, आणि तिच्यावर लाकडी जिने आणि व्हरांडे असलेली घरं बांधणारी अनेक कुटुंबं ईस्ट इंडियन.

त्यांच्याबरोबर गोव्याचे लोक आले. गावागावाच्या 'कुडी' धोबीतलाव आणि माझगाव भागात होत्या. कूड म्हणजे एकाच गावच्या माणसांनी मिळून चालवलेली राहायची जागा. बोटीवर काम करणारा खलाशी तिथे आपली पेटी ठेवायचा. गोव्यात नाताळच्या गोडाधोडाला एक पोर्तुगीज नाव आहे, 'कोन्सोआद'. पोर्तुगालमध्ये कोन्सोआद म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण. गोव्यात मात्र हा शब्द शेजाऱ्यांकडे आणि नातेवाइकांकडे पाठवायच्या ताटाला चिकटला. घरच्यांनी एकत्र जेवायच्या पंगतीचं नाव घराबाहेर जाणाऱ्या ताटाला मिळालं, हा बदल मला फार बोलका वाटतो. मुंबईत आणि मंगळूरकडे त्याच फराळाला 'कुस्वार' म्हणतात.

या ताटात काय असतं? नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्याच. कुलकुल, म्हणजे शंकरपाळ्यांच्या चुलत बहिणी: पिठाची गोळी काट्या-चमच्यातल्या काट्यावर किंवा नव्याकोऱ्या कंगव्यावर दाबून गुंडाळायची, की शिंपल्यासारखा आकार येतो. दोदोल, पेरूचं चीज, मार्झिपान, खजुराच्या वड्या. कुलकुल करायला सगळं घर लागतं. आजीपासून शाळकरी मुलापर्यंत सगळे टेबलाभोवती बसतात, आणि ज्याचे कुलकुल फसतात त्याची चेष्टा होते. नाताळचा आनंद नक्की कुठे असतो असं कुणी विचारलं तर मी आधी या टेबलाकडे बोट दाखवेन. भेटवस्तू द्यायच्या कितीतरी दिवस आधी तो सुरू झालेला असतो.

तिसरा गट मराठी प्रोटेस्टंटांचा, आमच्या काकूंचा. आणि त्यांची गोष्ट थोडी चक्रावणारी आहे.

ज्या मिशनऱ्यांच्या घरी नाताळ नव्हता

मुंबईत १८१३ साली अमेरिकन मिशनरी उतरले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे त्यांतले पहिले. अमेरिकन मराठी मिशनचं काम पुढे नगरकडे मोठं झालं. स्कॉटलंडचे जॉन विल्सन १८२९ साली आले. त्यांनी १८३२ साली गिरगावात आंब्रोळीला शाळा काढली, तिचंच पुढे विल्सन कॉलेज झालं.

आता हे मिशनरी आले कुठून? अमेरिकेच्या ज्या न्यू इंग्लंड प्रांतातून हॉल आणि नॉट आले, तिथल्या त्यांच्या पंथात २५ डिसेंबर हा कामाचा दिवस असायचा. तिथल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत तर १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणं हा गुन्हा होता आणि पाच शिलिंग दंड होता. स्कॉटलंडच्या चर्चनेही नाताळ बाजूला ठेवलेला. तिथे नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली १९५८ साली!

कारण काय? येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये नाही. २५ डिसेंबरची सर्वांत जुनी नोंद सापडते ती रोममधली, इसवी सन ३३६च्या उत्सवाची. बायबलमध्ये नाही तर सण कशाला, असा कडक विचार. शिवाय त्या काळी युरोपात नाताळला जी दारू आणि दंगामस्ती चाले, ती त्यांना अजिबात मान्य नव्हती.

मग करंज्या, चिवडा आणि घरोघर जाणारी ताटं मराठी ख्रिस्ती घरांत आली कुठून? माझा अंदाज असा, की ती बोटीतून आली नाहीत, शेजारून आली. दिवाळीचा फराळ करणारे हात तेच होते. धर्म बदलला म्हणून करंजीला मुरड घालायची पद्धत विसरली जात नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईतच झाला. ख्रिस्ती श्रद्धा अभंगात आणि कीर्तनात मांडायचा त्यांचा हट्ट सगळ्यांना माहीत आहे. स्वयंपाकघरातल्या बायकांनी तेच काम कढईत केलं, फक्त त्याची नोंद कुणी ठेवली नाही.

आणि हे त्याहून जुनं आहे. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापून निघालं. दहा हजारांहून अधिक ओव्यांत बायबलची कथा, येशूच्या जन्मासकट, आणि भाषा मराठी.

देण्यात आनंद असतो, हे मोजता येतं का?

अर्थशास्त्रज्ञांना नाताळ फारसा आवडत नाही. जोएल वाल्डफोगेल यांनी १९९३ साली एक शोधनिबंध लिहिला, त्याचं म्हणणं साधं होतं. तुम्हाला मिळालेली वस्तू तुम्ही स्वतः किती रुपयांना विकत घेतली असती? विद्यार्थ्यांना हे विचारल्यावर उत्तर बहुतेकदा खऱ्या किमतीपेक्षा कमी आलं. त्यांच्या हिशेबाने भेटवस्तूच्या किमतीचा एक दशांश ते एक तृतीयांश भाग वाया जातो. जवळच्या मित्रांच्या भेटींत नुकसान कमी, लांबच्या नातेवाइकांच्या भेटींत जास्त. घरात पडून असलेले शोपीस आठवा, म्हणजे पटेल.

दुसरीकडे २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात एलिझाबेथ डन, लारा ॲकनिन आणि मायकल नॉर्टन यांचा अभ्यास आला. लोकांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर दिले. काहींना सांगितलं, संध्याकाळपर्यंत स्वतःवर खर्च करा. काहींना सांगितलं, दुसऱ्यावर खर्च करा. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त आनंदी आढळले, आणि पाच की वीस याने फरक पडला नाही. प्रयोग लहान होता, ४६ जणांचा, हे लक्षात ठेवायला हवं. पण घेण्यापेक्षा देणं अधिक धन्य, हे येशूचं म्हणणं प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात नोंदलेलं आहे, आणि त्याला डॉलरचा आधार मिळाला म्हणून ख्रिस्ती लोक खूश झाले असतील.

मला दोन्ही अभ्यास खरे वाटतात. पहिला वस्तूची किंमत मोजतो, दुसरा देणाऱ्याचं मन. माझ्या आणि सहकाऱ्याच्या मगमध्ये पहिल्याचं म्हणणं पूर्ण खरं ठरलं. काकूंच्या ताटाला तो लावायचा तर केकच्या चार तुकड्यांना मी किती रुपये दिले असते? याचं उत्तर मला देता येत नाही, कारण तो केक बाजारात नव्हताच.

मग सांताक्लॉज?

थोडक्यात. चौथ्या शतकात मायरा इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, निकोलस नावाचे बिशप होते. एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं हुंड्याअभावी अडली होती. निकोलस यांनी रात्री गुपचूप त्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. 'सिक्रेट' सांता तो खरा. त्यांचा सण ६ डिसेंबरला असतो आणि युरोपात काही ठिकाणी मुलांना भेटवस्तू अजून त्याच दिवशी मिळतात. सुधारणावादी जर्मन घरांत संतांऐवजी ख्रिस्तबाळच भेटवस्तू आणतो अशी समजूत रुजली. डच लोकांचा 'सिंटरक्लास' अमेरिकेत जाऊन सांताक्लॉज झाला. मॉलमधला सांता हा त्याचाच दूरचा नातेवाईक.

सांताला माझी हरकत नाही. फक्त मूळ गोष्टीत देणारा दिसत नाही आणि आजच्या गोष्टीत देणाराच सगळ्यात जास्त दिसतो.

घरातला क्रम

कॅथलिक घरांत नाताळचा गोठा डिसेंबरात मांडतात. मेंढपाळ, गाय, योसेफ, मारिया, सगळे आपापल्या जागी. गव्हाणी मात्र अनेक घरांत रिकामी ठेवतात. बाळाची मूर्ती त्यात २४ तारखेच्या मध्यरात्री ठेवली जाते. आधी बाळ, मग भेटवस्तू, असा क्रम मुलांच्या डोळ्यांसमोर रोज असतो आणि त्यासाठी वेगळं प्रवचन द्यावं लागत नाही.

त्याआधीचे चार रविवार 'आगमन काळ' असतो. याच दिवसांत चर्चमध्ये गरजू कुटुंबांसाठी धान्य, कपडे, खेळणी गोळा होतात. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीसारख्या संस्थांचे स्वयंसेवक ती घरी नेऊन देतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांत कॅरल गाणारी तरुण मंडळी रात्री घरोघर जातात.

मध्यरात्रीची मिस्सा किंवा सकाळची उपासना झाली की मोठ्यांच्या पाया पडणं, आशीर्वाद, नवे कपडे, मुलांना खेळणी. गिरणीकामगार किंवा बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या घरात हा खर्च सहज निघत नसे. म्हणून भेटवस्तू बहुधा लागणारीच वस्तू असायची: शाळेचे बूट, स्वेटर, कंपासपेटी. मूल थोडं हिरमुसतं, पण बूट तर नवे असतात!

आणि ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल, तिथे गोडाचं तळण होत नाही. तिथे शेजारचं ताट आधी जातं. आपल्याकडे दुःख झालेल्या घरी पहिल्या दिवाळीचा फराळ नातलग नेऊन देतात, तसंच.

ताट अजून आमच्याकडे आहे

खोताच्या वाडीत एके काळी साठहून अधिक जुनी घरं होती, आज तीसही उरलेली नाहीत. परळ-लालबागच्या चाळींच्या जागी टॉवर उभे आहेत. ईस्ट इंडियन, गोवेकर, मराठी ख्रिस्ती, कोकणी, घाटावरचे, सगळेच पांगले. कुणी वसईला, कुणी विरारला, कुणी आखातात, कुणी कॅनडात. टॉवरमध्ये दाराला कडी नसते, बेल असते, आणि ती वाजायच्या आधी खालून वॉचमनचा फोन येतो. ॲपवरून केक पाठवता येतो. तो वेळेवर पोहोचतोही. पण 'भेट'चा एकच अर्थ त्याच्याबरोबर जातो.

आमची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा घाईत सामान बांधलं. नव्या घरात भांडी लावताना आईला एक स्टीलचं ताट सापडलं. काठावर मशीनने कोरलेलं काकूंच्या यजमानांचं नाव आणि वर्ष. शेवटच्या नाताळचं ताट. त्या संक्रांतीला आम्ही भाड्याच्या घरात होतो, काकू मुलाकडे नालासोपाऱ्याला गेल्या होत्या, आणि लाडू द्यायचे राहून गेले.

हा लेख लिहिताना मी आईला कृपादानाबद्दल सांगितलं. म्हटलं, त्यांच्या धर्मात मूळ भेटीची परतफेड नसतेच, त्यामुळे ताट रिकामं गेलं तरी चालतं. ती म्हणाली, "त्यांच्या धर्मात चालत असेल. भांडं माझ्याकडे आहे."

मग काकूंना फोन लावला. ताटाचं सांगितल्यावर त्या हसल्या. म्हणाल्या, ठेव तुझ्याकडे, मी तेवढ्यासाठी दिलंच नव्हतं. आणि मग विचारलं, "तुम्ही येताय कधी?"

२५ तारखेला दुपारी दादरहून विरार लोकल पकडायची असं ठरलंय. आईने बेसनाचे लाडू करायला घेतलेत. तिळाचे संक्रांतीच्या आधी करायचे नाहीत म्हणे.